हवा बघून

रायगोंडा बाळगोंडा मगदूम, वय सत्तावन्न, राहणार हरिपूर.
पेवाच्या तोंडाशी घसरून खांदा मोडलेला.
मास्क जवळ नेला तसा चांगला हात आडवा आला:
"थांबा बाई. आत काय हाय ते आधी सांगा."

चाळीस वर्षं हळदीच्या पेवात उतरलेला माणूस.
झाकण काढलं की लगेच उतरायचं नसतं, तो मलाच शिकवतो.
हवा मेलेली असते, जड, तळाशी बसून राहिलेली.
रात्रभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरानं कंदील सोडायचा.
वात विझली तर माणूस बी विझतो.
"चुलता माझा कंदील न सोडता उतरला.
वरनं पाय दिसत हुते. हाक पोचत नव्हती."

मिरजेतल्या थेटरात एसीचा आवाज तेवढा राहिला.

माझी हवा मेलेली नाही, म्हटलं.
गोडसर वासाची, सोबतीला प्राणवायू भरपूर.
फुप्फुसातून रक्तात, रक्तातून आधी मेंदूत,
कारण रक्त तिकडे सढळ जातं.
मग स्नायूंत. चरबीत सगळ्यात उशिरा,
आणि तिथून निघतेही सगळ्यात उशिरा,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी.
मेंदूत ती नेमकं काय करते
ते मलाही पुरतं ठाऊक नाही, कुणालाच नाही.
हे मात्र त्याला सांगितलं नाही.

"आणि परत भाईर येती का समदी?"

प्रश्न मार्केट यार्डातला होता:
पोत्यात किती भरलं, काट्यावर किती उतरलं.
म्हटलं, शंभरातली पंच्याण्णव श्वासावाटे जाते,
आली तशीच, नाव न बदलता.
उरलेल्या पाचांवर यकृत आपला कडता कापतं,
मोडून तोडून लघवीवाटे सोडून देतं.
"पाच म्हंजे काय न्हाई," रायगोंडा म्हणाला,
"अडत्या बी तेवढ्यावर सोडत न्हाई."

मी त्याची पापणी खाली ओढली. पांढरं.
जीभ उचलायला लावली. गुलाबी.
नखांच्या कडांना, तळव्याच्या रेषांना
चाळीस वर्षांची हळद.
मग पुन्हा डोळे.
सिस्टर घड्याळाकडे बघत होती.

तिला बायजाक्का कशी सांगू?
साल चौऱ्याऐंशी, मी नवी, यंत्रावर लाल पट्टीचा डबा.
त्यातल्या वायूचे शंभरातले वीस यकृतात मोडायचे,
आणि मोडलेले तुकडे कधी कधी यकृतालाच चिकटायचे,
मग शरीर आपल्याच घराला परकं समजायचं.
बायजाक्का हळद पॉलिशच्या गिरणीतली.
एक ऑपरेशन, तीन आठवड्यांनी दुसरं, डबा तोच.
मागे काय दिलं होतं, विचारलं नाही कुणी.
आठव्या दिवशी ताप, आणि ती पिवळी.
हळदीतली बाई, पिवळी असणारच,
वॉर्डात सगळे म्हणाले.
सगळ्यांत मीही.
सासूनं साबण लावून तिचे हात धुतले, दोनदा.
डोळे कसे धुणार?
तिच्या कागदावर मी कारण लिहिलं, कावीळ.
कुणामुळे, त्याला रकाना नव्हता.

आता तो डबा गेला. आताच्या डब्याची पट्टी पिवळी.
ज्यानं हा रंग ठरवला
त्यानं सांगली पाहिली नसणार.

दीड तास. पडद्यावर त्याच्या श्वासाचे डोंगर
एकामागून एक, सारख्या उंचीचे. माझा कंदील तोच.
खांद्यात पट्टी बसली, स्क्रू बसले,
चुन्याच्या खड्यांचा डबा निम्मा जांभळा झाला.
मी वायू बंद केला, नुसता प्राणवायू ठेवला
आणि पेवाचं तोंड उघडं ठेवून बसले.

डोळ्यांआधी बोटं हलली, दोर धरल्यासारखी.
नळी काढली. खोकला.
"वर घ्या," म्हणाला,
मला की चुलत्याला, कळलं नाही.

बाराव्या दिवशी टाके काढायला आला.
हिशोबानं चरबीतलाही पाहुणा एव्हाना उठून गेलेला.
तरी व्हरांड्यात, उजेडाकडे तोंड करून उभा केला
आणि पापणी खाली ओढली.
"आता काय शोधताय बाई?"
हळद, म्हटलं.